घर आपले, किंमत त्यांची



कापसाचा भाव कोण ठरवतो? घेणारा. ज्वारीचा भाव कोण ठरवतो? घेणारा. पिकवणाऱ्याने फक्त पोते उतरवायचे आणि पट्टी घेऊन घरी यायचे. आता ज्या घरी यायचे, त्या घराची किंमतही दुसराच ठरवू लागला आहे. त्याविषयी या बैठकीत बोलायचे आहे.

मैंदर्गीतले एक उदाहरण धरू. समजा, एका शेतकऱ्याने बोअरसाठी राहते घर पतसंस्थेकडे गहाण ठेवले. बोअर कोरडे गेले. व्याज चढत चढत येणे चार लाखांवर गेले. एक बँक कमी व्याजाने कर्ज द्यायला तयार होते. ते घेऊन पतसंस्था मोकळी करायची आणि घर बँकेकडे तारण द्यायचे, असा बेत. बेतात खोट काही नाही. मग बँकेचा व्हॅल्युअर येतो. टेप लावतो, चार फोटो काढतो, अर्ध्या तासात निघून जातो. शेजारचे तेवढेच घर नऊ लाखांना गेलेले; याचा आकडा येतो पाच लाख. बँक म्हणते, साठ टक्के देऊ. म्हणजे तीन लाख. उरलेले एक लाख कुठून आणायचे? एक तर जुन्या व्याजातच राहायचे, नाही तर सावकाराची पायरी चढायची. व्हॅल्युअरची फी मात्र शेतकऱ्याच्याच खिशातून जाते, आणि ज्या कागदाची फी भरली तो कागद त्याला कोणी दाखवतही नाही.

हा पाच लाखांचा आकडा येतो कुठून, ते आधी समजून घेऊ.

व्हॅल्युअर बहुधा तीन आकडे काढतो. पहिला बाजारभावाचा, दुसरा विकायला काढले तर हाती येईल असा, आणि तिसरा घाईने, जबरीने विकले तर येईल असा. बँकेचे लक्ष खालच्या आकड्यांवर. घर दगडमातीचे, वर माळवद, वय साठ वर्षे, म्हणजे बांधकामाची किंमत जवळजवळ शून्य. उन्हाळ्यात ते घर सिमेंटच्या खोलीपेक्षा गार राहते, ज्वारीची पोती त्यात कोरडी राहतात, याला कोष्टकात रकाना नाही. वाट बोळातून, म्हणून आणखी कमी. उतारा आजोबांच्या नावावर, वारसांची नोंद नाही, भावांची वाटणी तोंडी, म्हणून आणखी कमी किंवा थेट नकार.

आणखी एक कारण आपल्याच गावात आहे. घर नऊ लाखांना विकायचे, खरेदीखतात चार लिहायचे आणि पाच रोख द्यायचे, ही पद्धत जुनी आहे. मुद्रांकाचे चार पैसे वाचतात. पण व्हॅल्युअर आसपासची खरेदीखते पाहतो, तेव्हा त्याला चारच दिसतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही कलम २६ प्रमाणे बाजारभाव ठरवताना मुद्रांकासाठीचे दर आणि आसपासच्या खरेदीखतांची सरासरी पाहतात. म्हणजे एकाने वाचवलेला मुद्रांक साऱ्या गावाला दोनदा भरावा लागतो. एकदा कर्जात, एकदा मोबदल्यात.

आणि मुळाशी जे आहे ते कोणत्याच अहवालात येत नाही. कोरडवाहू गावात घराला गिऱ्हाईक कोण? भावकी आणि शेजारी. त्यांच्याकडे पैसा कधी येतो? कापूस-ज्वारी खर्च भागवून काही मागे ठेवील तेव्हा. पिकाला भाव नसेल तर घरालाही भाव नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते की शेतकऱ्याचे राहते घर कोर्टाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करता येत नाही. उसनवारी बुडाली, दुकानदाराने दावा लावला, तरी राहते घर वाचते. कायद्याने घातलेले हे कुंपण आहे. पण तेच घर आपण सही करून तारण दिले की त्या कर्जापुरते कुंपण आपल्या हाताने काढले जाते. २००२ च्या सरफेसी कायद्यात कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीचे तारण वगळले आहे. राहत्या घराचे तारण वगळलेले नाही. शेत राहते आणि घर जाते, असा हा कायदा. त्यातून सहकारी बँकाही सुटल्या नाहीत. विश्वासराव पाटील मुरगुड सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. कर्ज थकीत ठरले की ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. बँकेला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही.

म्हणून कमी मूल्यांकनाचे नुकसान फक्त कर्ज कमी मिळण्याचे नाही. तीन लाख मिळतात, पण गहाण पडते ते नऊ लाखांचे घर, आणि त्यासोबत कायद्याचे कुंपण. उद्या हप्ते थकले तर लिलावाआधी पुन्हा मूल्यांकन होते आणि त्यावर राखीव किंमत ठरते. पहिला आकडा बिनबोभाट मान्य केला असेल, तर दुसऱ्या वेळी कोणत्या तोंडाने भांडणार?

तेव्हा करायचे काय?

पहिले, पिकासाठी घर तारण देऊच नका. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने शेतीचे आणि जोडधंद्याचे कर्ज दर शेतकऱ्यामागे दोन लाखांपर्यंत तारणाशिवाय द्यायला बँकांना सांगितले आहे. तेवढ्यासाठी घराचा उतारा मागितला तर लेखी मागा म्हणावे.

दुसरे, व्हॅल्युअर येण्याआधी कागद जुळवा. वारस नोंद, वाटणीपत्र, नगरपरिषदेचा कर आकारणीचा उतारा, जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे मिळकत पत्रिका. खेड्यात नमुना ८ आणि गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवा. मोजणीच्या वेळी घरचे जाणते माणूस हजर असू द्या. मागची पडवी, गोठा, परडे मोजायचे राहून जाते.

तिसरे, अहवालाची नक्कल लेखी अर्ज देऊन मागा. क्षेत्रफळ चुकले का, बांधकामाचे वर्ष चुकले का, आसपासची कोणती खरेदीखते धरली, ते पाहा. चूक असेल तर पुराव्यासह हरकत द्या आणि पोच घ्या. नुसते "किंमत कमी धरली" म्हणून कोणी ऐकत नाही. "बाराशे फुटांचे नऊशे लिहिले" म्हटले की ऐकावे लागते. कर्ज नाकारले तर मुख्य कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. आकडा वाढवून देणे हे बँक लोकपालाचे काम नाही, पण लेखी कारण मिळाले नाही तर ती तक्रार त्याच्याकडे नेता येते. आधी बँकेला लिहा, तीस दिवस थांबा, मग तिकडे जा.

चौथे, आकडा तरीही कमीच राहिला तर फरक भरायला सावकाराकडे जाऊ नका. ज्या पतसंस्थेचे येणे आहे तिच्याशीच एकरकमी तडजोडीचे बोला. बँकेचे तीन लाख रोख समोर ठेवून बोललात तर व्याजात सूट मागायला जोर येतो. तडजोड लेखी घ्या आणि पैसे भरल्यावर जुना बोजा उतरवून घ्यायला विसरू नका.

आणि वेळ लिलावावर आलीच तर गप्प बसू नका. नोटिशीला लेखी हरकत द्या, बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताबा घेतल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. राखीव किमतीएवढी बोली आली नाही तर तुमच्या संमतीशिवाय कमी किमतीत घर विकता येत नाही. म्हणून कोऱ्या संमतीवर सही करू नका.

यात नवे मागणे काही नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्र जाळले. लोण नगर जिल्ह्यातही गेले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी इंग्रज सरकारला कायदा करावा लागला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. खताच्या मागे जाऊन खरा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, आणि पावती व हिशेब मागण्याचा हक्क कुणब्याला मिळाला. परक्या सरकारलाही जे पटले ते स्वराज्यात बँकेला पटू नये?

म्हणून या बैठकीत दोन ठराव व्हावेत. मूल्यांकनाची फी जो भरतो त्याला अहवालाची नक्कल मागितल्याशिवाय मिळालीच पाहिजे. आणि त्या अहवालावर हरकत घ्यायला कर्जदाराला मुदत मिळालीच पाहिजे, तोवर कर्जाचा निर्णय होऊ नये. ठराव जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे पाठवू. उत्तर येईपर्यंत प्रत्येकाने आपल्यापुरता एक नियम पाळावा. अहवाल वाचल्याशिवाय गहाणखतावर अंगठा नाही आणि सहीही नाही.