पालक कोणास म्हणावे?

नातवंडे म्हणजे दुधावरची साय, असे आपल्या घराघरांतून कौतुकाने म्हटले जाते. परंतु साय धरायची तर दूध कोणीतरी तापवावे लागते, आचेपाशी बसावे लागते, ते उतू जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. हे बसणे ज्यांच्या वाट्यास साठाव्या-सत्तराव्या वर्षी पुन्हा आले आहे, अशा आजी-आजोबांविषयी या वार्षिक अंकात चार शब्द लिहावेत, असे आम्हांस कित्येक दिवसांपासून वाटत होते.

या लेखनास निमित्त झाले ते प्रवेशाच्या दिवसांतील एका लहानशा प्रसंगाचे. जाम नदीच्या काठच्या एका खेड्यातून एक वृद्ध बाई आपल्या नातीस घेऊन आल्या होत्या. मुलीचे आई-वडील नागपुरास बांधकामावर होते. आम्ही अर्ज भरू लागलो. वडिलांचे नाव लिहिले, आईचे नाव लिहिले, आणि शेवटी अंगठा उमटविण्यासाठी कागद त्या बाईंपुढे सरकविला. त्यांनी अंगठा उमटविला आणि अगदी सहज विचारले, “गुरुजी, पोरगी तं माह्याच जवळ रायते जी, मंग माहं नाव कुठी लिवता?” आम्ही अर्ज पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यांच्या नावासाठी एकही ओळ नव्हती. आम्हांस उत्तर देता आले नाही, आणि ते उत्तर शोधीत असतानाच हा लेख मनात तयार झाला.

अशी घरे आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात पुष्कळ आढळतात आणि त्याला कारणेही आहेत. संत्र्याची बाग ज्याची आहे त्यास गावात काम आहे. ज्याची नाही त्याने मजुरीसाठी बाहेर पडावे, हे ठरलेलेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हे दोन तालुके मध्य प्रदेशातच राहिले. सीमा कागदावर आखली गेली. पण आपल्या माणसांची भाषा, सोयरिकी आणि रोजगार यांची वाट नागपूरकडेच राहिली. तरुण जोडपी तिकडे जातात. भाड्याच्या खोलीत मुलास कोणाच्या भरवशावर ठेवावे, हा प्रश्न पडतो, आणि मूल आजीकडे येते. कोठे आई-बापांपैकी एक दगावलेला असतो, कोठे दोघेही. कोठे दारूने संसार मोडलेला असतो. कारणे निरनिराळी असली तरी सकाळी वेणी घालणारे, डबा देणारे आणि तापात कपाळावर घडी ठेवणारे हात त्याच एका वृद्ध स्त्रीचे असतात.

आमची मायबोली कोकणी, आणि आम्ही ज्या किनाऱ्याकडून आलो तेथे हे चित्र नवे नाही. मुंबईत गिरणीवर किंवा बोटीवर गेलेल्या मुलाची मनीऑर्डर यायची आणि नातवंडे आजीच्या पंखाखाली वाढायची, अशी कोकणातील कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या चालली. म्हणून कोणी म्हणेल की, ही तर आपली परंपराच आहे. त्यात शाळेने किंवा सरकारने लक्ष घालण्याजोगे काय आहे? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. पूर्वीच्या घरात आजीच्या जोडीला काकू होती, आत्या होती, शेजारची मावशी होती. आज त्याच घरात पुष्कळदा एकटी आजी आणि दोन लेकरे उरली आहेत. भार तोच राहिला. तो वाहणारे खांदे मात्र कमी झाले. आजी चार दिवस अंथरुणास खिळली की नातीची शाळा बुडते, आणि अशी चार-सहा आजारपणे झाली की मुलगी आठवी-नववीतूनच घरी बसते. मुलीच्या आयुष्याचे हे नुकसान परंपरेच्या अभिमानाने भरून येत नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर कायद्यात आहे, हे आम्हांस नंतर उमगले. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा; तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस लागू आहे. ज्याच्याकडे मुलाची देखभाल व ताबा आहे ती व्यक्ती म्हणजे पालक, अशी त्यात व्याख्या आहे. कोर्टाने नेमलेला पालक हा त्यांपैकी केवळ एक प्रकार होय. म्हणजे नातीस रोज जेवू घालून शाळेत धाडणारी आजी ही कायद्याच्या दृष्टीनेही पालकच आहे. त्याच कायद्यान्वये जन्मतारखेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून मुलास दाराबाहेर ठेवता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद आई-वडील किंवा पालक असावेत, असेही त्यात सांगितले आहे. तेव्हा आजी-आजोबांस त्या समितीत बसण्याचा अधिकार आहे. अर्जात त्यांच्या नावाची ओळ घालणे ही मेहरबानी नसून आमच्याकडून राहून गेलेले कर्तव्य आहे.

नावाच्या ओळीने पोट भरत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मदतीची जी साधने आज अस्तित्वात आहेत ती थोडी नाहीत, आणि त्यांची माहिती प्रत्येक घरी असावी म्हणून ती येथे सांगतो. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकास अंगणवाडीत पूरक आहार मिळतो. मूल आईने आणले की आजीने, असा भेद तेथे नाही. पहिली ते आठवीच्या मुलांस सरकारी व अनुदानित शाळांत दुपारचे जेवण मिळते. ज्याचे आई-वडील दोघेही वारले आहेत आणि जो नातेवाइकांकडे राहतो, अशा अठरा वर्षांखालील मुलासाठी मध्य प्रदेश शासनाची २०२२ पासूनची ‘मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना’ आहे; तीत दरमहा ४,००० रुपये मिळतात. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतही तेवढीच मदत आहे. आई विधवा किंवा परित्यक्ता असलेले, अथवा आई-वडील गंभीर आजाराने अंथरुणास खिळलेले मूलही तीत बसू शकते. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न खेड्यात ७२,००० व अन्यत्र ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. यांसाठी महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करावा लागतो.

स्वतः वृद्धांसाठीही काही तरतुदी आहेत. दारिद्र्यरेषेखालील साठ वर्षांवरील व्यक्तीस वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळते; त्यात केंद्राचा हिस्सा ७९ वर्षांपर्यंत २०० व ८० पासून ५०० रुपये असतो आणि राज्य आपली भर घालते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यावरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, वर्षास पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार आयुष्मान कार्डावर मोफत मिळू शकतात. आजीचे आजारपण हेच नातीच्या शिक्षणावरील सर्वांत मोठे संकट असल्याने, हे कार्ड नातीच्या दप्तराइतकेच अगत्याचे समजावे. अडचणीतील मुलासाठी १०९८ आणि वृद्धांसाठी १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. मुलगा पैसे पाठवीत नसेल तर २००७ च्या कायद्याप्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्याकडे पोटगी मागता येते. पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणारी आई विरळाच. म्हणून नागपूर-पुण्याकडे राहणाऱ्या तरुण मातापित्यांस आमचे हात जोडून सांगणे आहे की, पैसे वेळेवर पाठवा आणि मुलाच्या कागदपत्रांच्या नकला आजीजवळ ठेवा. आईवर अशी वेळ येऊ देऊ नका.

मग एवढी साधने असूनही घरे कोरडी का राहतात? कारण ती पाच ठिकाणी विखुरली आहेत आणि आजीचे पाय थकलेले आहेत. मध्य प्रदेशात बहुतेक योजनांसाठी ‘समग्र’ क्रमांक लागतो. कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी. नातवाचा जन्म नागपुरास झाला, त्याचे कागद महाराष्ट्राचे निघाले, की आजीच्या कुटुंबात त्याचे नाव सापडत नाही. लेकीचे मूल असेल तर त्याचे नाव जावयाच्या घरच्या नोंदीत राहते. अर्ज हिंदीत असतो, आजी मराठी बोलते, आणि अक्षर तर दोन्ही भाषांतले तिला परके. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि कामासाठी छिंदवाड्याची वारी करण्याचे संकट पुष्कळ हलके झाले. मंगळवारची जनसुनवाई आता जवळ आली. परंतु कचेरी जवळ आली तरी कचेरीत काय बोलावे हे सांगणारा कोणी हवा.

तो ‘कोणी’ म्हणजे शाळा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तहसील, बँक, दवाखाना येथे आजी वर्षातून एकदा बिचकत जाते. शाळेच्या दाराशी मात्र ती नातवासाठी वारंवार येते. शाळेने फार मोठे काही करावे असेही नाही. प्रवेशाच्या अर्जात ‘सांभाळ करणाऱ्याचे नाव व नाते’ अशी तिसरी ओळ घालावी. बाजाराच्या दिवशी, खेड्यांतील माणसे गावात आली असता, दुपारचा एक तास अशा पालकांसाठी राखून ठेवावा. पालकसभेचे निमंत्रण आजी-आजोबांच्या नावाने धाडावे. आणि एका वहीत प्रत्येक अशा मुलाचा समग्र क्रमांक, आधार, जन्माचा दाखला, बँकेचे पुस्तक आणि रेशनकार्डावरील नाव यांपैकी काय आहे व काय नाही, एवढे टिपून ठेवावे. शिक्षकांवर कामाचा बोजा थोडा नाही, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. परंतु मूल मध्येच गळाले तर आमचे बाकीचे सारे काम कोणासाठी?

अशा गोष्टी अन्यत्र घडल्या आहेत. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीस आई-बाप निघून जातात, तेव्हा मुलांनी शाळा सोडू नये म्हणून महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजना काढण्यात आली. आजी-आजोबांच्या आधाराने मूल गावातच राहावे, हा तिच्यामागचा विचार. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी श्री. योगेंद्र बांगर या प्राथमिक शिक्षकांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडे नेसून, पाटी-दप्तर घेऊन त्या शाळेत जाऊ लागल्या. एका खेड्यातील एका शिक्षकाने जे केले ते दोन तालुक्यांतील आम्हा सर्वांस मिळून का करता येऊ नये?

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे सांगणे तुम्हांस आहे. तुम्ही नववी-दहावीत आहात, हिंदी आणि मराठी दोन्ही वाचता, मोबाइलवर अर्ज उघडता. शेजारच्या आजीचा अर्ज मोठ्याने वाचून दाखविणे, त्याचा अर्थ मराठीत सांगणे, तिच्याबरोबर लोक सेवा केंद्रात जाणे, हे तुम्हांस सहज शक्य आहे. तिचा पासवर्ड किंवा ओटीपी मात्र मनात ठेवू नये व कोणास सांगू नये, आणि या कामाचा एक पैसाही घेऊ नये. आणि ज्यांच्या घरी आजीच पालक आहे, अशांनी तिला रोज एक अक्षर शिकवावे. वर्षअखेर ती आपले नाव लिहू लागेल.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून तुम्ही घरोघर जाता आणि बोजारा मिळाला की हरखता. तो बैल आदल्या रात्री रंगवून देणारे, त्याच्या गळ्यात माळ घालणारे हात बहुधा आजोबांचे असतात. त्या हातांची नोंद आमच्या वह्यांत आजवर झाली नाही. पुढील वर्षी प्रवेशाचे अर्ज छापले जातील, तेव्हा त्यांत तिसरी ओळ असावी, अशी सूचना आम्ही या अंकाद्वारे आमच्या शाळेस करीत आहोत. ती मान्य झाली, तर पहिले नाव त्या बाईंचे लिहू, आणि त्यांच्या नातीने तोवर शिकविले असेल तर त्या ओळीसमोर अंगठ्याऐवजी त्यांची सही घेऊ.