नामकरणाचा सोस

सरपटणारे प्राणी आणि बेडूक यांच्या लौकिक नांवांविषयीं सुशिक्षित वर्गांत एक विलक्षण तुच्छताबुद्धि बळावत चालली आहे. लॅटिन नांव तेवढें शास्त्रशुद्ध, लोकांच्या तोंडचें नांव म्हणजे अडाण्यांचा घोटाळा, आणि लोकभाषेंत नांव हवेंच असेल तर तें तज्ज्ञांनीं घडवून द्यावें, असें ह्या पक्षाचें म्हणणें आहे. हें म्हणणें आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. त्याची परीक्षा इंग्रजी आणि पोर्तुगीज ह्या दोन भाषांच्या उदाहरणानें चांगली होण्यासारखी आहे.

१९९५ सालीं फ्रँक आणि रॅमस ह्या दोघां लेखकांनीं जगांतील एकूण एक सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांस इंग्रजी नांव देण्याच्या हेतूनें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या अरण्यांत इंग्रजी बोलणारा मनुष्य कधीं वस्तीस राहिला नाहीं, तेथल्या बेडकासही त्यामुळें इंग्रजी नांव मिळालें. अशा नांवांपैकीं पुष्कळ नांवें म्हणजे लॅटिन नांवाचें भाषांतर, किंवा एखाद्या संशोधकाच्या आडनांवास 'बेडूक' हा शब्द जोडून केलेली सोय. आतां आम्ही विचारतों, जें नांव कोणा आईनें मुलाला सांगितलें नाहीं, कोणा गुराख्यानें सोबत्याला ओरडून कळविलें नाहीं, तें 'लौकिक' कोणत्या अर्थानें? शास्त्रज्ञास लॅटिन नांव पुरेसें आहे; लोकांस हें नवें नांव ठाऊक नाहीं; मग तें आहे कोणासाठीं?

याउलट ब्राझील देशाकडे पाहावें. पोर्तुगीज लोक तेथें उतरले तेव्हां घरून आणलेले शब्द त्यांना पुरेनात. म्हणून नव्या प्राण्यांचीं नांवें त्यांनीं तुपी भाषा बोलणाऱ्या मूळ रहिवाशांपासून घेतलीं. झराराका हा विषारी साप, सुकुरी हा पाण्यांत राहणारा प्रचंड साप, झाकारे हा मगरीचा भाऊबंद, पेरेरेका हा झाडावरचा बेडूक, हीं सारीं नांवें तुपी आहेत. जेथें स्वतःचा शब्द नेमका बसला तेथें त्यांनीं तो वापरला: शेपटी खुळखुळविणाऱ्या सापास ते 'कास्कावेल', म्हणजे घुंगरू, म्हणूं लागले. इंग्रजांनींही एके काळीं असेंच केलें. पोर्तुगीजांनीं आपल्या नागास 'कोब्रा द कापेलु', म्हणजे फडीचा साप, म्हटलें होतें. इंग्रजांनीं फडी गाळली आणि साप ठेवला. त्यामुळें पोर्तुगीजांत ज्याचा अर्थ कोणताही साप, तो 'कोब्रा' शब्द इंग्रजींत नागाचें नांव होऊन बसला. ही चूकच, परंतु जिवंत माणसांच्या व्यवहारांत झालेली चूक असल्यामुळें ती भाषेंत मुरली.

लोकांच्या नांवांचा उपयोग काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर साओ पाउलो येथें मिळतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालमेत ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें नागाच्या विषावर प्रतिविष तयार केलें, आणि तें इतर सापांच्या विषावरही चालेल अशी समजूत पसरली. व्हितल ब्राझील ह्या वैद्यानें ती खोटी ठरविली. कास्कावेलचें प्रतिविष झराराकाच्या दंशावर चालत नाहीं, हें त्यानें दाखवून दिलें. १९०१ सालीं स्थापन झालेली बुतांतां संस्था त्याच्याच नेतृत्वाखालीं उभी राहिली. साप ओळखून त्याचें नांव सांगतां येणें हा तेव्हांपासून शेतकऱ्याच्या जीवनमरणाचा प्रश्न झाला. आणि तें नांव त्याच्या तोंडीं आधींच होतें.

प्रतिपक्षी म्हणतील, लौकिक नांवें दिशाभूल करितात. हें अंशतः खरें आहे. ब्राझिलांत 'आंधळा साप' म्हणतात तो पाय नसलेला एक उभयचर प्राणी. 'दोन डोक्यांचा साप' म्हणतात तो साप नव्हे, आणि त्याला डोकेंही एकच. आपल्याकडेही मांडुळास 'दुतोंड्या' म्हणतात, आणि भोळ्या समजुतीपायीं त्या निरुपद्रवी जीवाची चोरटी विक्री चालते. परंतु दोष नांवाचा कीं समजुतीचा? शेपूट डोक्यासारखें बोथट असतें, हें निरीक्षण त्या नांवांत अचूक उतरलें आहे. समजूत शिक्षणानें दुरुस्त करावी. नांव पुसल्यानें ती जात नाहीं. शिवाय लॅटिन नांवांच्या स्थैर्याचा अभिमान तरी किती बाळगावा? ज्या थोरल्या भेकास शास्त्रज्ञ 'बुफो मारिनुस' म्हणत, त्याला ते आतां 'राइनेला मरीना' म्हणतात. ब्राझिलांतला शेतकरी त्याला तेव्हांही कुरुरू म्हणत होता, आतांही म्हणतो.

हा वाद दूर देशाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. इंग्रजींतील 'मंगूज' हा शब्द मूळचा आपला मुंगूस आहे. घोणस, फुरसें, मण्यार, धामण, दिवड, नानेटी हीं नांवेंही आपल्याच रानांत व शेतांत रुळलीं. घोणशीस इंग्रजीनें पॅट्रिक रसेल ह्या शास्त्रज्ञाचें आडनांव चिकटविलें. तें शहरांतल्या मुलास पाठ असावें आणि घोणस हा शब्द त्याला परका वाटावा, ह्याहून शिक्षणाचा पराभव कोणता? म्हणून नवीं नांवें घडविण्यापूर्वीं आपल्या महाविद्यालयांनीं एक काम करावें. गांवोगांव जाऊन, प्राणी दाखवून, कातकरी, धनगर आणि शेतकरी त्याला काय म्हणतात तें टिपून घ्यावें. इतकें करूनही एखाद्या प्राण्यास नांव नाहींच असें ठरलें, तर त्याचें लॅटिन नांव वापरण्यास आमची कांहींच हरकत नाहीं.