लीगची गाडी दरेकसाला थांबणार का?

आपलं दरेकसा मुंबई-हावडा मेन लाइनवर आहे. दिवसभर सुपरफास्ट गाड्या धडधडत निघून जातात, आपल्यासाठी थांबते ती पॅसेंजर. हँडबॉलच्या राष्ट्रीय लीगचं असंच होऊ नये, म्हणून ही पोस्ट.

जून 2023 मध्ये जयपूरला पहिली प्रीमियर हँडबॉल लीग झाली. सहा संघ होते. फायनलमध्ये महाराष्ट्र आयर्नमेननं गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेशला 38-24 असं लोळवलं. म्हणजे देशातली पहिली लीग आपल्या राज्याच्या नावाच्या संघानं जिंकली. पण सालेकसा तालुक्यात किती जणांना हे ठाऊक आहे?

काही जण म्हणतील, आपल्याकडं हँडबॉल खेळतं कोण? मित्रांनो, आपल्याकडंच खेळतात! आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा बघा. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलच्या जोडीला हँडबॉल असतो. देवरी प्रकल्पातल्या आश्रमशाळांची मुलं-मुली प्रकल्प पातळीवर खेळतात, तिथून निवड झाली की नागपूर विभाग, मग राज्य. शहरातल्या पुष्कळ शाळांत या खेळाचं नावही कोणी घेत नाही. म्हणजे खेळाडू इथंच तयार होऊ शकतो. अडतं ते पुढं. स्पर्धा जवळ आली की सराव, स्पर्धा संपली की बॉल कपाटात. दहावी-बारावी झाली की पोरगी घरी, नाहीतर रोवणीला. तिचा खेळ तिथंच संपतो.

आता मुलींचं बोलू. त्या पहिल्या लीगमध्ये सगळे संघ पुरुषांचे होते. आणि भारतीय हँडबॉलचं आशियातलं मोठं यश कुणाचं? मार्च 2022 मध्ये कझाकस्तानात अल्माटीला आशियाई ज्युनियर स्पर्धेचं सुवर्ण आपल्या मुलींनी आणलं, फायनलमध्ये थायलंडला 41-18 नं हरवून. पदक मुलींचं आणि लीग पुरुषांची, हा कुठला न्याय?

हे फक्त हँडबॉलमध्येच घडलं असंही नाही. आयपीएल 2008 ला आली, डब्ल्यूपीएलला 2023 उजाडलं. प्रो कबड्डीनं 2016 मध्ये बायकांचे तीन संघ घेऊन एक स्पर्धा भरवली, ती पुढं चालली नाही. ‘आधी पुरुषांचं जमू द्या, मग बघू’ म्हटलं की ते ‘मग’ यायला पंधरा वर्षं लागतात. तोवर आज चौदा वर्षांची असलेली खेळाडू एकोणतीसची होते. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. लीग पुन्हा भरवायची असेल तर पुरुष आणि महिला दोघांची एकाच हंगामात, एकाच मैदानावर भरवा. टीव्हीवर मुलींच्या सामन्यांनाही संध्याकाळचीच वेळ द्या.

पण तेवढ्यानं भागणार नाही. सहा-सहा संघ धरले तरी दोन्हीकडं मिळून खेळाडू लागतील दोनेकशे. अख्ख्या देशातून! निवड चाचण्या मोठ्या शहरांतच झाल्या तर आपल्या भागातली पोरगी तिथं पोहोचणार कशी? एक चाचणी गोंदिया किंवा देवरीला घ्या. राज्याचं नाव लावणाऱ्या संघानं दोन-चार आश्रमशाळांना वर्षभर प्रशिक्षक द्यावा. जर्सीवर ‘महाराष्ट्र’ लिहायचं तर महाराष्ट्र गोंदियापर्यंत आहे हेही लक्षात ठेवा.

सरकारनंही हात झटकू नये. हँडबॉलचं मैदान 40 बाय 20 मीटर, म्हणजे साधारण आठ गुंठे. गोलपोस्ट तीन बाय दोन मीटरचा, गावचा वेल्डिंगवालाही करून देईल. जाळी, चुना, डझनभर बॉल. यात कोटींचा खर्च कुठं आहे?

‘वसतिगृहात पाण्याचे वांधे, शिक्षक पुरे नाहीत, अन् तुम्हाला खेळ सुचतो?’ असं कोणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे. पाणी आणि शिक्षक आधीच हवेत. पण ते नाही म्हणून हेही नको, असं म्हणत गेलो तर आपल्या लेकरांना काहीच मिळणार नाही. शिवाय यात पोटाचाही प्रश्न आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांतली कामगिरी लागते. प्रशिक्षकच नसेल तर ते 5 टक्के आपल्या पोरींसाठी कागदावरच राहतील, अन् जागा दुसरेच नेतील.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आश्रमशाळेला हँडबॉलचं मैदान आणि प्रशिक्षक हवा, एवढा साधा ठराव करा. एक प्रत देवरीच्या प्रकल्प कार्यालयाला, एक गोंदियाच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका.

तुमच्या गावातली कोणती पोरगी राज्यापर्यंत खेळून आली अन् आता घरी बसली आहे? तिचं नाव गाव इथं लिहू नका, पण तिला ही पोस्ट नक्की वाचून दाखवा. ठरावावर पहिली सही तिचीच घ्या.