मेणाविना ‘वॅक्स’

‘वॅक्स’ या शब्दाचा अर्थच मेण. तरीही डब्यातील द्रव्य कशापासून बनले आहे, हे वाचण्याची सवय फार थोड्या घरांत आढळते. मालाची पारख करण्यात मुरलेली व्यापारी कुटुंबेही त्यास अपवाद नाहीत. मद्य, मांस व मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत गणला जातो. ज्या घरी मध वर्ज्य, त्या घरात मधमाशीचे मेण अजाणता येऊ नये, यासाठी घटकांची यादी पाहावी. तेथे हे मेण ‘बीजवॅक्स’ किंवा ‘सेरा अल्बा’ या नावाने नोंदलेले असते. काही प्रकारांत पाइन वृक्षाची राळ असते. ती वनस्पतिजन्य खरी, परंतु काहींच्या त्वचेस सोसत नाही.

सर्वांत निर्दोष पर्याय स्वयंपाकघरातच आहे. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस व पाव वाटी पाणी मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत आटवावे. थेंब गार पाण्यात टाकल्यास त्याची गोळी वळली पाहिजे. लिंबातील आम्लामुळे साखरेचे अंशतः ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि पाकात खडे धरत नाहीत. उकळता पाक गंभीर भाजतो. म्हणून तो कोमट होऊ द्यावा आणि मुलांना दूर ठेवावे.

केस सुमारे 6 मिलिमीटर वाढलेले असावेत. त्वचा स्वच्छ व कोरडी करून पाक केसांच्या दिशेने पातळ लावावा, त्वचा ताणून धरावी आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेलगत, एका झटक्यात ओढावी. वर उचलून ओढल्यास केस तुटतात व त्वचा सोलवटते. आदल्या दिवशी लहानशा जागेवर चाचणी घेणे हिताचे.

त्यानंतर थंड पाण्याची घडी ठेवावी. 24 तास गरम पाणी, कडक ऊन, अत्तर व घट्ट कपडे टाळावेत. रुतलेले केस नखाने उकरू नयेत.

मधुमेह असणाऱ्यांनी, तसेच मुरुमांसाठी रेटिनॉइड औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जखम, तीळ व फुगलेल्या शिरा यांवर वॅक्स लावूच नये. नितळ त्वचेची हौस वावगी नाही. तिच्यापायी व्रत अजाणता मोडू नये आणि त्वचाही पोळू नये, एवढी दक्षता पुरे.