मुलांना कोणते शहर दाखवावे?

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह पुन्हा भरले की परभणी जिल्ह्यातील शाळांच्या शिक्षक-कक्षांत सहलीची चर्चा सुरू होते. ठिकाण बहुधा ठरलेलेच असते. पूर्वीचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, हे आपल्या मराठवाड्याचे मोठे शहर. रेल्वेने किंवा एस. टी.ने काही तासांत गाठता येते आणि पाहण्यासारखी स्थळे तेथे दाटीवाटीने आहेत. मग यादी तयार होते : दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की, शिवाय जमलेच तर अजिंठाही. दोन दिवसांत आठ-दहा स्थळे उरकली की सहल यशस्वी झाली असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. या रीतीला माझा विरोध आहे. शाळेच्या या स्मरणिकेत गौरवाचे लेख पुष्कळ असतील आणि ते योग्यही आहे. परंतु पुढील वर्षांत आपण मुलांना काय दाखवणार आहोत, याचाही विचार येथेच व्हावा, म्हणून हे चार शब्द.

आपल्या समाजाच्या बाबतीत स्थलदर्शन ही साधी गोष्ट कधीच नव्हती. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले. नाशिकहून येवल्यामार्गे बस आणि मोटारींनी ही मंडळी निजामाच्या राज्यात शिरली. प्रवासाचा कार्यक्रम त्यांनी हेतुपूर्वक जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत ज्या अडचणी सोसाव्या लागत, त्या टाळण्याचा तो उपाय होता. दौलताबादच्या किल्ल्याशी पोहोचले तेव्हा सर्वजण धुळीने माखलेले होते. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक हौद होता. काहींनी त्याच्या पाण्याने हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले. महिना रमजानचा होता. एक वृद्ध मागून ओरडत आला की अस्पृश्यांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ झाली, प्रसंग हातघाईवर येऊ लागला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. पुढे बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आठवणींत लिहून ठेवला. हिंदूंनी निर्माण केलेली ही रूढी धर्माची वेस ओलांडून इतरांच्याही अंगवळणी पडली होती, हे त्यांनी त्यातून दाखवून दिले. कोणा एका धर्माविषयी मनात अढी धरण्यासाठी हा प्रसंग सांगू नये. जात किती दूरवर झिरपते, हे कळावे म्हणून तो सांगावा.

त्याच किल्ल्यात आज आपली मुले तिकीट दाखवून शिरतात, मेंढा तोफ पाहतात, भुयारी वाटेच्या अंधारात आरडाओरडा करतात आणि परत येतात. आनंद करावा, त्याला कोणाची हरकत असणार? परंतु दरवाजाशी पाच मिनिटे थांबून १९३४ ची ही हकीकत सांगणारा शिक्षक सोबत नसेल, तर त्या मुलांनी किल्ला पाहिला असे मी म्हणणार नाही. यादवांची देवगिरी, रामदेवराय आणि मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून हलवलेली राजधानी पाठ्यपुस्तकात आहेच. हौदाची गोष्ट मात्र आपणच सांगायची आहे.

एखादी जागा प्रेक्षणीय कशाने होते? केवळ शिल्पाने किंवा उंचीने नव्हे. तेथे काय घडले यानेही होते. चीनच्या दक्षिणेस ग्वांगझू नावाचे प्राचीन बंदर आहे. तेथे येणाऱ्या प्रवाशांना ह्वालिन मंदिर दाखवतात, कारण भारतातून समुद्रमार्गे गेलेले बोधिधर्म तेथे किनाऱ्यावर उतरले अशी परंपरा आहे. त्याच शहरातील ग्वांगशियाओ मंदिरात बोधिवृक्षाशेजारी एक लहानसा मनोरा आहे. ध्यानपरंपरेचे सहावे आचार्य ह्वीनंग यांची प्रव्रज्या तेथे झाली आणि त्यांचे उतरवलेले केस त्या मनोऱ्याखाली पुरले, असे सांगतात. हे ह्वीनंग कोण? परंपरेनुसार, सरपण विकून विधवा आईला पोसणारा, अक्षरओळख नसलेला दक्षिणेकडचा एक गरीब मुलगा. एका माणसाने जहाजातून टाकलेले पाऊल आणि एका गरीब मुलाचे उतरवलेले केस, एवढ्यावर त्या शहराने आपली स्थळे शतकानुशतके जपली. आपल्याकडे तसे काय आहे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

माझे उत्तर असे की तसे पुष्कळ आहे. आपण तेथे थांबत नाही, एवढेच.

वेरूळचेच पाहा. तेथे एकूण चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि शेवटची पाच जैन. सहलीच्या गाड्या थेट सोळाव्या लेण्यापाशी, म्हणजे कैलासापाशी थांबतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील ते अखंड पाषाणमंदिर पाहून मुले दिपून जातात, आणि तेथेच वेळ संपतो. फार तर दहाव्या लेण्यात, लाकडी तुळयांसारख्या कोरलेल्या छताखाली, एक छायाचित्र निघते. पाचव्या लेण्याकडे सहसा कोणी वळत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला सर्वांत जवळचे वाटेल असे लेणे मात्र तेच आहे. लांबलचक दालन, दोन्ही अंगांना खांबांची रांग, बाजूंना खोल्या आणि मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले दोन ठेंगणे दगडी ओटे. या ओट्यांशी बसून भिक्षू भोजन करीत किंवा पाठ करीत असावेत, असे अभ्यासक मानतात. आपल्या भोजनगृहात रोज पंगतीला बसणाऱ्या मुलाला ते ओटे समजावून सांगावे लागणार नाहीत. या लेण्याला लोकांनी नाव दिले ‘महारवाडा’. ते तुच्छतेने पडले असो वा नुसत्या सवयीने, आमच्या मुलांनी ते ऐकून मान खाली घालू नये. आत जाऊन ते ओटे पायांनी मोजावेत आणि ताठ मानेने बाहेर यावे.

विहार या शब्दाचा मूळ अर्थच राहण्याची जागा. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, या वर्षावासाच्या नियमातून विहारांची वाढ झाली. मधे सभामंडप आणि तीन बाजूंना खोल्या. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात अशा बारा खोल्या आहेत आणि प्रत्येकीत दगडात कोरलेल्या दोन शय्या. म्हणजे दोघांना मिळून एक खोली! हे वाचून आपल्या विद्यार्थ्यांच्या ओठांवर हसू उमटेल, आणि ते उमटावेच. घर सोडून, नियमाने उठून, एकत्र जेवून, एकत्र अध्ययन करण्याची ही पद्धत त्यांच्यापासून सुरू झालेली नाही. ती याच डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी रुजलेली आहे. निवासी शाळेतील मुलाला ‘घरी सोय नाही म्हणून येथे ठेवले’ असे वाटत राहते. त्या भावनेवर विहाराइतके गुणकारी औषध मला तरी ठाऊक नाही.

दुसरे उपेक्षित स्थळ म्हणजे खुद्द औरंगाबादची लेणी. मकबऱ्याच्या आणि विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात ती आहेत. बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकांतील, चौथे चैत्यगृह मात्र त्याहून कितीतरी जुने. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर स्त्री-पुरुष उपासक गुडघे टेकून बसलेले आहेत, माणसाएवढे. त्यांच्या केशरचना, अलंकार, जोडलेले हात पाहताना दगडाचा विसर पडतो. सातव्या लेण्याच्या दर्शनी भागी अवलोकितेश्वर उभे आहेत आणि त्यांच्या दोहो बाजूंस अग्नी, चोर, बंधन, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, हत्ती आणि मृत्यू अशा आठ संकटांत सापडलेली माणसे त्यांना हाक मारीत आहेत. समुद्रापासून इतक्या दूर, आपल्या पठारावर, बुडते जहाज कोरले गेले! कारण हा व्यापारी मार्गांचा प्रदेश होता आणि प्रवासाचे भय सर्वांना ठाऊक होते. हेच अवलोकितेश्वर पुढे चीनमध्ये क्वानयिन या रूपाने घरोघरी पोहोचले. एवढा मोठा ठेवा मकबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असताना आपल्या गाड्या त्या बाजूला वळत नाहीत, ही खेदाची बाब आहे.

तिसरे स्थळ नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने बाबासाहेबांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले आणि १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तर देतो. या दोघांची नावे महाविद्यालयाला आणि परिसराला देण्यात बाबासाहेबांचा शिक्षणविषयक संपूर्ण विचार सामावला आहे : राजानेही प्रश्न विचारावा आणि प्रश्न विचारणाऱ्याचा मान राखावा. मराठवाड्यातील आपल्या पहिल्या पदवीधर पिढ्या येथेच घडल्या. प्राचार्य म. ना. वानखेडे, प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारख्यांमुळे दलित साहित्याच्या चळवळीला येथे बळ मिळाले. जवळच ते विद्यापीठ, १९५८ साली स्थापन झालेले, ज्याच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे आपल्या माणसांनी घरे जळताना पाहिली आणि प्राणही दिले. त्या प्रवेशद्वारापेक्षा अधिक प्रेक्षणीय असे मराठवाड्यात काय आहे?

यावर आक्षेप येतील. पहिला असा की तुम्ही मुलांना केवळ आपलेच दाखवू पाहता. तसे मुळीच नाही. कैलास पाहावा, बत्तिसाव्या लेण्यातील जैन शिल्पही पाहावे. मकबरा आणि पाणचक्कीही पाहावी. हे शहर ज्याने खडकी या नावाने १६१० च्या सुमारास वसवले, तो मलिक अंबर आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. त्याने डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतून आलेल्या मुलांना, एका गुलामाने राजधानीला पाणी कसे पाजले, हे अवश्य सांगावे. दुसरा आक्षेप अजिंठ्याचा. अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. दोन दिवसांच्या सहलीत तो कोंबला तर उरते ती फक्त धावपळ. म्हणून माझे स्पष्ट मत असे की अजिंठा त्या सहलीतून वगळावा आणि नववीच्या वर्गाला स्वतंत्र एक दिवस द्यावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. शालेय सहलींना एस. टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळते, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते. तरीही मुक्काम आणि भोजनाची वर्गणी उरतेच. सहल निघते हिवाळ्यात. नेमक्या त्याच वेळी गंगाखेड, सोनपेठ, पाथरी भागांतील अनेक पालक उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. कोपीत राहणारा बाप वर्गणी कोठून पाठवणार आणि संमतीपत्रावर अंगठा तरी कधी उमटवणार? मग बस निघते आणि काही मुले वसतिगृहाच्या ओसरीवर उभी राहून हात हलवतात. १९३४ साली किल्ल्याचा दरवाजा हौदाच्या पाण्यावरून अडला होता. आज तो वर्गणीच्या पावतीवरून अडत असेल, तर बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या शाळेने ते सहन करू नये. माझी पहिली सूचना म्हणूनच स्थळांविषयी नाही. सर्व मुले जाणार असतील तरच सहल काढावी. संमतीपत्रे जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच घ्यावीत. वर्गणीचा भार माजी विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावा. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून शिल्लक राहिलेली रक्कम या कामी लागली तर तिचे सार्थक होईल.

दुसरी सूचना पाहण्याच्या रीतीविषयी. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. त्याने येथील जमीन, हवा, माणसांचा स्वभाव, विहारांची संख्या यांची नोंद केली. डोंगरातील ज्या विहाराचे वर्णन त्याने केले, तो अजिंठाच असावा असे अभ्यासक मानतात. त्याच्यानंतर इ. स. ६७१ मध्ये इत्सिंग ग्वांगझूहून जहाजाने निघाला. भिक्षू दात कसे घासतात, पाणी कसे गाळतात, जेवायला कसे बसतात, हेही त्याने बारकाईने लिहून ठेवले. आपल्या मुलांच्या हाती एक वही द्यावी. खोल्या किती, पाण्याची टाकी कोठे, उजेड कोठून येतो, छिन्नीचे घाव कोणत्या दिशेचे, एवढे त्यांनी लिहावे. ज्यांनी हा डोंगर फोडला त्या कारागिरांची नावे बहुतेक ठिकाणी कोठेच कोरलेली नाहीत. श्रम करणाऱ्यांच्या मुलांनी त्यांच्या हातांची खूण तरी ओळखावी.

पहिल्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ. दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगाबादची लेणी, दुपारचे जेवण नागसेनवनाच्या सावलीत, नंतर पाणचक्की व मकबरा, आणि सायंकाळ मुलांच्या मर्जीची, बाजाराची, आइस्क्रीमची. वेरूळ मंगळवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. स्थळे कमी झाली तरी चालेल. बसमधील एकही आसन मात्र रिकामे राहू नये.