नऊ प्रोग्रॅमचा गठ्ठा आणि मंडळाचे सात हजार

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वाङ्मय मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात येऊन पडली. नऊ सॉफ्टवेअरचा संच, मूळ किंमत 48,500 रुपये, विद्यार्थ्यांसाठी फक्त 4,999. खाली लाल आकड्यांत उलटं चाललेलं घड्याळ: 11 तास 42 मिनिटं. सचिवानं लिहिलं, "घ्यायचं काय? अंकाला लागतंयच की." पाच मिनिटांत सात अंगठे वर आले. आठवा माझा होता. मी मंडळाची खजिनदार आहे, त्यामुळे तो अंगठा सगळ्यात बेजबाबदार होता हे आधीच कबूल करून टाकते.

मंडळाच्या खात्यात तेव्हा 7,350 रुपये होते. वर्गणी, मराठी भाषा गौरव दिनाला लावलेला भजी-चहाचा स्टॉल आणि एका माजी विद्यार्थ्यानं पाकिटात घालून दिलेले पाचशे, असे मिळून. वर्षभराचा सगळा संसार एवढ्यातच. बक्षिसं, पाहुण्यांचा प्रवासखर्च, कार्यक्रमाचे हार, सगळं यातूनच.

खर्चाच्या कागदावर आमच्याकडे फादरांची सही लागते. मी कागद घेऊन गेले. त्यांनी जाहिरातीकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाले, "यातलं गेल्या वर्षी तुम्ही काय काय वापरलं असतं, तेवढं लिहून आण. मग सही." मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. लायब्ररीत बसले आणि लिहायला लागले.

पानं लावायचा प्रोग्रॅम: हो, हा तर हवाच. फोटो दुरुस्त करायचा: मुखपृष्ठापुरता, वर्षातून एकदा. व्हिडिओ एडिटर: मंडळाला नाही. पीडीएफ जोडायचा-तोडायचा: दोनदा, आणि ते काम फुकटात झालं होतं. मग व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारं काहीतरी, अँटीव्हायरस, एक टीबी क्लाउड जागा आणि प्रेझेंटेशनचे तयार नमुने. एक टीबी! आमच्या मंडळाचे आजवरचे सगळे अंक, फोटोंसकट, एका जुन्या पेन ड्राइव्हवर मावतात आणि वर जागा उरते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं हे. घोडं चांगलंच असेल हो, पण बांधायचं कुठे?

म्हणजे नवातलं दीडच कामाचं निघालं. मग प्रश्न बदलला. 48,500 चं 4,999 ला मिळतंय का, हा प्रश्नच नव्हता. पानं लावायच्या एका प्रोग्रॅमला आम्ही पाच हजार मोजायला तयार आहोत का, एवढाच होता. ते मूळ किंमतीचं लेबल आमच्यासाठी शून्य किमतीचं होतं, कारण त्या किमतीला आम्ही ते कधीच घेतलं नसतं. खडेबाजारात साडीवर खोडलेली किंमत बघून आई हसते आणि नव्या किमतीवरच घासाघीस सुरू करते. तिला कुणी अर्थशास्त्र शिकवलेलं नाही. मी मात्र बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तरीही अंगठा दाखवून मोकळी झाले होते.

गठ्ठ्यानं घ्यायची सवय आपल्याला नवी नाही, हेही खरं. मराठी वाचकाला 'प्रकाशनपूर्व सवलत' आणि 'संपूर्ण संच' या दोन शब्दांनी किती वेळा गाठलंय! आमच्या घरी बाबांनी असाच बारा खंडांचा एक संच घेतलाय. त्यातले चार उघडलेले, आठांची पानं अजून एकमेकांना चिकटून. पण बाबांच्या बाजूनं एक बोलायलाच हवं: तो पाचवा खंड मी आज नाही, चाळिशीत उघडला तरी उघडेल. वर्ष संपलं म्हणून कपाट त्याला कुलूप लावणार नाही. सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात नेमकं इथेच बिनसतं. बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की नवातले तीनच 'आजीवन' आहेत आणि बाकीचे सहा एका वर्षाचे. वर्ष झालं की पूर्ण दरानं आपोआप नूतनीकरण. बरं, 'आजीवन' म्हणजे आपलं आयुष्य नव्हे. त्या आवृत्तीचं. पुढची आवृत्ती आली की पुन्हा पैसे, आणि जुनी नव्या कॉम्प्युटरवर चालेलच याची हमी नाही.

आपोआप पैसे कापले जाण्याबद्दल आमच्यात फार घबराट होती, म्हणून थोडं सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून, वॉलेटमधून किंवा यूपीआयवरून असे वारंवार पैसे कापायचे तर सुरुवातीला तुमची वेगळी मंजुरी लागते, आणि दर वेळी कापण्याच्या किमान 24 तास आधी तुम्हाला संदेश यावा लागतो. यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' नावाची यादी असते. तिथे जाऊन मंजुरी रद्द करता येते. माझ्या यादीत एक गाण्यांचं अ‍ॅप निघालं, ते मी गेल्या दिवाळीपासून उघडलंही नव्हतं. ते असो.

आणि ते घड्याळ! दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ते पान पुन्हा उघडलं. 11 तास 42 मिनिटं. तिसऱ्या दिवशीही तेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे तेरा प्रकार दिलेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातला एक. किंमत एकदम न सांगता शेवटच्या पायरीपर्यंत थोडी थोडी वाढवत नेणं हा दुसरा. आमचे 4,999 शेवटच्या पानावर 18 टक्के जीएसटी धरून 5,899 झाले होते. कर भरायला ना नाही, पण तो पहिल्या पानावर सांगा की.

एवढं सगळं झाल्यावरही सचिव म्हणाला, "ते सगळं मान्य. पण पानं लावायचा प्रोग्रॅम चांगला असेल तर तेवढ्यासाठीच घेऊ." मुद्दा चुकीचा नव्हता. त्या प्रोग्रॅमची सात दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट होती, म्हणून आम्ही कॉम्प्युटर लॅबमध्ये ती उतरवली. जाहिरातीतली पानं सुंदर होती, इंग्रजी मासिकांसारखी. मग आमच्यातल्या एकीनं गेल्या अंकातली स्वतःची कविता त्यात टाकली.

'विद्यार्थी' या शब्दातली पहिली वेलांटी 'व'च्या आधी बसायची ती नंतर जाऊन बसली. 'द्य' फुटला आणि मध्ये पाय मोडल्याची खूण लोंबायला लागली. रफार कुठे गेला ते देवाला माहीत. अख्खी कविता अपघातात सापडल्यासारखी दिसत होती. कारण साधं आहे. देवनागरीत अक्षरं एकामागून एक मांडून चालत नाही. ती जोडावी लागतात, काही चिन्हं मागची पुढे न्यावी लागतात, आणि हे काम प्रोग्रॅमला यावं लागतं. ज्याला येत नाही त्याला कितीही सुंदर फॉन्ट द्या, उपयोग नाही. शेजारच्या कन्नड संघाचे मित्रही लॅबमध्ये होते. त्यांनी त्यांचा शब्द टाकून पाहिला. त्यांचं ओत्तक्षर खाली बसायचं सोडून शेजारी उभं! सीमाप्रश्नावर आमचं त्यांचं एकमत होणं कठीण, पण त्या दिवशी त्या प्रोग्रॅमबद्दल झालं.

तेव्हापासून मी एक चाचणी ठरवून टाकलीय. कुठलाही प्रोग्रॅम किंवा फॉन्ट घेण्याआधी त्यात एवढे शब्द टाकून बघायचे: विद्यार्थी, उद्ध्वस्त, क्लृप्ती, आणि 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना'. शेवटचे दोन मुद्दाम. एकात रफार, दुसऱ्यात तो आडवा चंद्रकोरीसारखा र. हा फरक ज्याला कळत नाही तो स्नेहसंमेलनाच्या वृत्तांतात सत्कार आचाऱ्यांचा करील आणि जेवणाचं श्रेय आचार्यांना देईल.

महागडं ते सगळं मराठीला कुचकामी, असं माझं म्हणणं नाही. इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट बसते, फक्त सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो. छापखान्यात रोज आठ तास त्यावर बसणाऱ्या माणसाला त्याचं भाडं परवडतं, परवडायलाच हवं. आम्ही वर्षातून तीन आठवडे बसतो.

इथे मला आमच्या कपाटातल्या सीडीची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण माझं मत खरं तर तिथे पक्कं झालं. मंडळाचे 2005 ते 2009 चे अंक एका सीडीवर आहेत. मॅडमनी ती जपून ठेवली होती, वर सुवाच्य अक्षरात वर्षं लिहून. आम्ही ती उघडली तर सगळ्या कथा-कविता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन समोर आल्या. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, 0915, जगातल्या कुठल्याही यंत्रावर तोच. पण त्याआधीचे बरेचसे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवत. फाइलमध्ये साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट ते दाखवायचा मराठी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. ज्या पॅकेजात ते अंक केले ते पॅकेज ज्या कॉम्प्युटरवर होतं, तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. पैसे देऊन घेतलेलं पॅकेज होतं ते, त्या काळातलं चांगलं. त्यात काही चूक नव्हती. पण पाच वर्षांचं लेखन त्याच्या खिशात राहिलं. एका अंकाची छापील प्रत ग्रंथालयात सापडली, तेवढी आम्ही पुन्हा टाइप करतोय. बाकीच्यांचं काय ते माहीत नाही. त्यात एका मुलीची पहिली कथा होती, असं मॅडम सांगतात. ती आता कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही.

म्हणून स्वस्त की महाग याआधी मी विचारते: उद्या हा प्रोग्रॅम नसला तर माझी फाइल कशानं उघडेल?

आम्ही शेवटी स्क्रायबस घेतला. घेतला म्हणजे उतरवला, तो फुकट आहे. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या त्याच्या 1.6 या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं व्यवस्थित बसतात, त्याआधीच्या 1.4 मध्ये बसत नसत. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये, मुखपृष्ठ इंकस्केपमध्ये. फॉन्ट 'एक टाइप'चा मुक्ता, तोही खुल्या परवान्याचा. फार गुणगान करत नाही, कारण त्रास झाला. शिकायला चार संध्याकाळी गेल्या, एकदा अर्धं काम केलेलं असताना प्रोग्रॅम बंद पडला आणि सचिव माझ्याकडे असा बघत होता की मीच तो लिहिलाय. ओळीच्या शेवटी मराठी शब्द कुठे तोडायचा हे हातानं बघावं लागतं. फुकट म्हणजे वेळ आपला, एवढं गृहीत धरूनच त्यात उतरावं.

तिसरा रस्ताही कुणीतरी सुचवलाच. गल्लीतला एक जण तीनशे रुपयांत 'सगळं' टाकून देतो. गटात दोघांच्या लॅपटॉपवर तसलंच आहे, आणि मी त्यांना उपदेश करणार नाही, कारण पहिल्या वर्षी माझ्याही होतं. पण मंडळाच्या नावावर ते नको. आपल्या अंकातली कविता कुणी नाव काढून स्वतःच्या पोस्टमध्ये टाकली की आपण किती ओरडतो! प्रोग्रॅम लिहिणारेही लिहिणारेच आहेत.

आणि आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट. आमच्यातला एक जण काव्यवाचनाचे व्हिडिओ करतो, लग्नाच्या शूटिंगलाही जातो. त्यानं तसाच दुसरा एक छोटा संच 1,400 रुपयांना घेतला. त्यातला व्हिडिओ एडिटर सोडून बाकी चार गोष्टींना त्यानं हात लावलेला नाही. पण दोन लग्नांत त्याचे पैसे सुटले. त्याची खरेदी बरोबर होती. चारच्या जागी चाळीस गोष्टी फुकट जोडल्या असत्या तरी तितकीच बरोबर असती.

ऑगस्टच्या बैठकीत हात वर करून मत घेतलं. न घेण्याच्या बाजूनं सहा, घेण्याच्या बाजूनं पाच. सचिव पाचांत होता, अजूनही आहे. तो म्हणतो, फुकटच्या प्रोग्रॅममुळे आपला अंक गरिबासारखा दिसतो. मला तसं वाटत नाही, पण मुखपृष्ठाबाबत त्याचं थोडं खरं आहे. वाचलेल्या पैशांतून चार हजार काढून या अंकाच्या साठ छापील प्रती झेरॉक्स करून घ्यायचं ठरलंय. खानापूरच्या पलीकडे राहणाऱ्या आमच्या काही लेखकांच्या घरी नेटवर्क धड नसतं, आणि लेकीचं नाव छापलेलं बघायला त्यांच्या आईवडिलांना मोबाइल हातात घ्यायला लावायचं काही मनाला पटेना. प्रती गणपतीच्या सुट्टीत ज्याच्या त्याच्या गावी जातील. पान 31 वरचं चित्र उजवीकडे सरकलंय ते आम्हाला माहीत आहे. सचिवाला सांगू नका.