हेतूचा खटला

मिशनऱ्यांचे दान म्हणजे धर्मांतराचे आमिष, हा आरोप आपल्या देवस्थानांच्या सभांतून वारंवार ऐकू येतो. काही ठिकाणी तो खराही असेल. परंतु दुसऱ्यावरील आरोप सिद्ध झाल्याने आपली निष्क्रियता निर्दोष ठरत नाही.

आम्हां हैदराबादकरांस दूर जावयास नको. तत्कालीन हैदराबाद संस्थानात, निझामाबादजवळील डिचपल्ली येथे, १९१५ साली डॉ. इझाबेल कर या स्कॉटिश बाईंनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. समाजाने दूर लोटलेल्यांना स्पर्श करणाऱ्या येशूचाच हा कित्ता. आणि या कार्यास मोठी देणगी दिली ती राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी! हेतूचा निवाडा होईपर्यंत रोगी थांबू शकत नाही.

येशूने मंदिराच्या दानपेटीपाशी बसून धनिकांच्या राशींहून गरीब विधवेची दोन नाणी मोठी मानली. आपण मात्र देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरतो, आणि पायरीवरच्या रुग्णाला ओलांडून गाभाऱ्याकडे वळतो. प्रत्युपकाराची अपेक्षा न ठेवता दिलेले तेच सात्त्विक दान, ही गीतेची कसोटी. ती मिशनऱ्यास अवश्य लावा. परंतु आधी स्वतःस लावा.